विरंगुळा केंद्र काढताना हॉल नंतर बघा, आधी दारं वाजवा

ज्येष्ठ नागरिकांच्या नव्या विरंगुळा केंद्राचं बहुतेक ठिकाणी असंच होतं. हॉल मिळतो, नगरसेवकांच्या हस्ते फीत कापली जाते, दोन कॅरम बोर्ड, एक टीव्ही आणि पन्नास प्लास्टिकच्या खुर्च्या येतात. पहिल्या आठवड्यात जागा पुरत नाही. दिवाळीपर्यंत रमी खेळणारे आठ-दहा पुरुष उरतात आणि कार्यकारिणी म्हणते, "आपल्याकडच्या लोकांना आवडच नाही." आवड भरपूर असते, क्रम उलटा झालेला असतो.

केंद्रातून नक्की काय मिळायला हवं, हे आधी पक्कं केलं तर क्रम सुचतो. घराबाहेर पडायला ठरलेलं निमित्त, रोज थोडे हातपाय हलणं, नावानं हाक मारणारं कुणी आणि दोन दिवस न दिसल्यास "का हो, बरं आहे ना?" विचारणारं कुणी. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात आटोक्यात आणता येण्याजोगे १४ धोके दिलेत. त्यांत ऐकू कमी येणं, हालचाल कमी असणं आणि माणसांपासून तुटणं हे तीन आहेत, आणि या तिन्हींना साधं गल्लीतलं केंद्र हात घालू शकतं. मात्र फायदा येणाऱ्याला होतो आणि नेमानं येणाऱ्याला होतो. वर्षातून दोन सहली आणि कोजागरीचं दूध एवढ्यानं तो होत नाही.

खालचे टप्पे शहरातल्या वॉर्डात, तालुक्याच्या गावी किंवा मोठ्या सोसायटीत ३०-४० माणसांचं केंद्र चालवू पाहणाऱ्यांसाठी आहेत. वृद्धाश्रम किंवा आजारी माणसाचं पाळणाघर चालवणं हे वेगळं काम आहे, ते यात मिसळू नका.

## टप्पा १: घरोघरी जा

सुरुवातीला चार जण पुरेत, पण त्यांत दोन बायका हव्यातच. जोडीजोडीनं दुपारी चारनंतर घरं घ्या. व्हॉट्सॲपवर फॉर्म पाठवून हे काम होत नाही. फॉर्म सून भरते किंवा मुलगा भरतो, आणि ज्यांना केंद्राची खरी गरज आहे त्यांच्याकडे फोन असलाच तर बटणांचा असतो.

"तुम्हाला काय आवडेल?" असं विचारलं की "काहीही चालेल हो, तुम्ही ठरवाल ते" हेच ऐकायला मिळतं. आवडीऐवजी दिवस कसा जातो ते विचारा:

१. सकाळी किती वाजता मोकळे होता? नातवंडांना रिक्षापर्यंत सोडणं-आणणं तुमच्याकडे आहे का?
२. जिना किती चढवतो? मोठा रस्ता एकट्यानं ओलांडता का?
३. ऐकायला, दिसायला त्रास आहे? यंत्र घेतलंय पण कपाटात आहे, असं आहे का?
४. लघवीला वारंवार जावं लागतं का? (हा प्रश्न बाईनं बाईला, पुरुषानं पुरुषाला विचारावा. संकोचून गाळू नका. "आवडत नाही" म्हणून न येणाऱ्यांपैकी कित्येकांचं खरं कारण हेच असतं.)
५. आधी काम काय करत होता? हातात कला कोणती?
६. दवाखाना आणि लग्नकार्य सोडून घराबाहेर शेवटचं कधी पडलात?

शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. "आठवत नाही" असं उत्तर आलं त्या नावापुढे खूण करा, केंद्र मुळात त्यांच्यासाठी आहे.

नवरा-बायकोला वेगवेगळं विचारा. एकत्र विचारलं तर काकू हमखास म्हणतात, "हे जातील, मी घरी बरी आहे."

तपासा: यादीत चाळीसेक नावं झाली का? निम्म्या बायका आहेत का? खूण केलेली आठ-दहा नावं तरी आहेत का? यादीत नुसता सकाळी बागेत फिरणारा ग्रुपच दिसत असेल, तर अजून दारं वाजवायची आहेत. त्या मंडळींचं केंद्र बागेतल्या बाकावर आधीच चालू आहे.

## टप्पा २: वेळ ठरवा

वेळ हॉलच्या मोकळ्या तासांवरून ठरवू नका, यादीतल्या उत्तरांवरून ठरवा. पुरुष मंडळी सकाळी दहा ते बारा मोकळी असतात. बायकांना चार ते सहा जमतं. त्यानंतर दिवेलागण, स्वयंपाक आणि मालिका. विदर्भात एप्रिल-मे मध्ये चार वाजता कुणाला बाहेर काढणं धोक्याचं आहे, तिथे सकाळी आठ ते दहा बरं. म्हणजे उन्हाळ्याची वेळ वेगळी, आणि ती होळीच्या आधीच जाहीर झालेली हवी.

दीड-दोन तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढं पुरे.

सावध: "सकाळी ९ ते रात्री ८ खुलं" असा बोर्ड लावू नका. दिवसभर उघड्या असलेल्या हॉलमध्ये कुणी कधीही जातं, आत कुणी भेटत नाही आणि दुसऱ्यांदा येत नाही. सगळे एकाच वेळी आले तरच गर्दी होते आणि गर्दीमुळेच लोक येतात.

## टप्पा ३: आता जागा बघा

दुपारी रिकामे असलेले शाळेचे वर्ग, पालिकेचं समाजमंदिर, मंगल कार्यालयाची खालची खोली, सोसायटीचं क्लब हाउस, देवळाचा सभामंडप असे बरेच पर्याय असतात. पुण्यासारख्या शहरांत महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, आपल्या भागातल्या एखाद्या केंद्रात मोकळी वेळ आहे का, हे आधी विचारून घ्या. देवळाचा मंडप सोयीचा खरा, पण तिथे यायला कचरणारी काही घरं तुमच्या यादीत असतील. त्यांना आधी विचारा, नंतर समजूत काढत बसू नका.

जागा चार तरुणांनी जाऊन पसंत करायची नसते. यादीतल्या काठी घेऊन चालणाऱ्या एका आजोबांना आणि कमी ऐकू येणाऱ्या एका आजींना सोबत न्या. ते दोघं दहा मिनिटांत जे सांगतील ते तुम्हाला वर्षभर दिसणार नाही.

पायऱ्या. तळमजलाच हवा. लिफ्ट असली तरी वीज जाते. दाराशी पायरी असेल तर उतार करून घ्या, आणि तो १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर लांब उतार. तीन पायऱ्या असतील तर साडेपाच मीटरच्या आसपास लांबी लागते, एवढी जागा समोर नसते. मग गवंडी दीड मीटरची घसरगुंडी करून देतो आणि तिच्यावरून पहिल्याच पावसात कुणीतरी घसरतं. जागा नसेल तर उताराचा हट्ट सोडा, दोन्ही बाजूंना भक्कम कठडा लावा आणि पायऱ्यांच्या कडांवर पिवळा पट्टा मारा.

संडास-बाथरूम. हॉलला लागून हवं, आवारात पलीकडे नको. कमोड, त्याशेजारी भिंतीत पक्की बसवलेली दांडी (टॉवेल टांगायची नव्हे, ती वजन घेत नाही), कोरडी फरशी, आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी. दार आत उघडणारं असेल तर ते बाहेर उघडेल असं करून घ्या. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं.

खुर्च्या. हाताच्या असाव्यात, उंची ४५ सेंटीमीटरच्या आसपास. हलक्या प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय गुळगुळीत टाइल्सवर फाकतात, जड माणूस हात टेकून उठायला गेला की खुर्ची मागे सरकते. दहा-बारा बऱ्या लाकडी किंवा लोखंडी खुर्च्या घ्या, बाकीच्या प्लास्टिकच्या भिंतीला टेकवून ठेवा. सतरंजी अंथरलीच तर तिच्या दुमडलेल्या कडा चालायच्या वाटेत येऊ देऊ नका.

कॅरम. बोर्ड हवाच, पण बोरिक पावडर बोर्डावर जेवढी पडते तेवढीच फरशीवर सांडते. त्या पांढऱ्या पट्ट्यावरून चपला काढून आलेले अनवाणी पाय सर्रकन सरकतात. बोर्ड कोपऱ्यात, दार आणि बाथरूमच्या वाटेपासून लांब ठेवा. खाली जुनं गोणपाट नको, चिकटून बसणारी रबरी चटई घाला. खेळ संपला की ओल्या फडक्यानं पुसणं हे शेवटच्या डावात हरणाऱ्या जोडीचं काम.

आवाज. मोकळ्या हॉलमध्ये आवाज घुमतो, वर पंखे घरघरतात. माइक लावला की घुमणारा आवाज मोठा होतो, स्पष्ट होत नाही. जाड पडदे, भिंतीला कापडी बोर्ड आणि ओळींऐवजी गोलात मांडलेल्या खुर्च्या यांनी जास्त फरक पडतो. कमी ऐकू येणाऱ्याला बोलणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे. त्याची पाठ भिंतीकडे असू द्या, खिडकीचा उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडू द्या.

तपासा: जागेचे दिवस लेखी मिळालेत का? तोंडी दिलेला हॉल लग्नसराईत तुमचा राहत नाही. एकदा "आज बारसं आहे, उद्या या" झालं की लांबून रिक्षा करून आलेली बाई पुन्हा येत नाही.

## टप्पा ४: तीन महिने चालवा, मग नोंदणी

कागदपत्रांच्या मागे आधी लागू नका. घटना लिहिण्यात आणि अध्यक्ष कोण यावर वाद घालण्यात उत्साह संपतो. एक साधी वही, दोन जबाबदार माणसं आणि लहानशी वर्गणी यांवर तीन महिने केंद्र चालवून बघा. हजेरी टिकली की नोंदणी करा.

सोसायटीच्या आवारातलं केंद्र असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, खर्चाचं वेगळं खातं सोसायटीच्या पुस्तकात ठेवा आणि तिथे थांबा. वॉर्डाचं किंवा गावाचं केंद्र असेल आणि देणग्या, अनुदान घ्यायचं असेल तर क्रम असा:

१. किमान सात जणांची सभा. संस्थेचं नाव, उद्देश, पहिली कार्यकारिणी यांचे ठराव इतिवृत्तात लिहून सह्या.
२. उद्देशपत्र आणि नियमावली तयार करणं. सभासद कोण, वर्गणी किती, निवडणूक केव्हा, गणपूर्ती किती, हे नियमावलीत स्पष्ट हवं.
३. जागेच्या मालकाचं ना-हरकत पत्र.
४. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, या दोन्हींखाली नोंदणी करायची असते.
५. संस्थेच्या नावानं पॅन, मग बँकेत खातं. तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या, अशी सोय ठेवा.

नेहमीच्या चुका: पहिली, सचिवांच्या स्वतःच्या फोनचा क्यूआर कोड चहाच्या टेबलावर चिकटवणं. पैसे त्यांच्या घरखर्चात मिसळतात, सचिव कितीही सरळ असले तरी वर्षाअखेर कुजबुज होतेच. खातं उघडेपर्यंत रोख घ्या आणि पावती फाडा. दुसरी, कार्यकारिणी बदलली की कार्यालयाला न कळवणं. बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. तो राहून गेला की कागदावर जुनेच पदाधिकारी राहतात, आणि त्यांतलं कुणी वारलं असेल तर बँकेपासून अनुदानापर्यंत सगळं अडतं. तिसरी, दरवर्षीचं ऑडिट "रक्कमच काय आहे" म्हणून टाळणं.

केंद्र फुकट ठेवू नका. वर्गणी चहापुरती असली तरी चालेल. वर्गणी भरणारा माणूस हक्कानं येतो आणि हक्कानं तक्रार करतो, दोन्ही हवंय. ज्याला परवडत नाही त्याची वर्गणी कुणी भरली हे फक्त खजिनदाराला माहीत असावं.

संघ स्थिरावला की फेस्कॉम या ज्येष्ठ नागरिक संघांच्या राज्य महासंघाशी जोडून घेता येतं. इतर संघांचे नमुना नियम आणि त्यांचे अनुभव आयते मिळतात.

## टप्पा ५: आठवड्याचं वेळापत्रक

इथे घाई करू नका. केंद्र चालणं-न चालणं याच कागदावर ठरतं.

पहिला नियम, दोन तासांचा साचा रोज तोच. आधी २५ मिनिटं हालचाल, मग पाऊण तास त्या दिवसाचा कार्यक्रम, मग चहा, मग खेळ आणि गप्पा. चहा अगदी शेवटी ठेवला की लोक कप हातात घेऊन उभ्याउभ्याच चपला शोधू लागतात. मधे ठेवला की बसून राहतात, आणि खऱ्या गप्पा तिथे होतात. साखरेचा आणि बिनसाखरेचा अशा दोन किटल्या, त्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या.

दुसरा नियम, प्रत्येक वाराला एक ओळख द्या:

- सोमवार: वर्तमानपत्र वाचन आणि चर्चा. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी बोलायचं. राजकारणाला दहा मिनिटं, घड्याळ लावून.
- मंगळवार: भजन, भावगीतं, गाण्याच्या भेंड्या.
- बुधवार: हातकाम. वाती वळणं, विणकाम, पत्रावळी, बागेची रोपं, शाळेसाठी वह्या बांधणं.
- गुरुवार: मोबाइल आणि कागदपत्रं.
- शुक्रवार: पाहुणा किंवा आपल्यातलाच कुणी. निवृत्त एसटी चालक, परिचारिका, तमाशात ढोलकी वाजवलेले आजोबा.

व्याख्यान आठवड्यातून एकच, आणि तेही अर्ध्या तासाचं. रोज व्याख्यानं असलेल्या केंद्रात माणसं येतात, ऐकतात, एकमेकांशी न बोलता घरी जातात. घरी बसूनही हेच होतं.

हालचाल कशी असावी. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सांगते. पंचवीस मिनिटांचे पाच दिवस म्हणजे १२५, चालत येणं-जाणं धरलं की हिशोब जवळपास जमतो. हास्यक्लबचे टाळ्या-हसणं जरूर घ्या, पण तोलाचे व्यायाम गाळू नका, पडण्यापासून तेच वाचवतात. खुर्चीवरून शक्यतो हात न टेकता उठणं-बसणं, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं, तशीच धरून एका पायावर उभं राहणं, भिंतीच्या कडेनं एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालणं. पहिले पंधरा दिवस प्रत्येक प्रकार पाच-सहा वेळाच.

सावध: काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली जाईल अशी आसनं करायची नाहीत. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना श्वास रोखायला किंवा जोरात कपालभाती करायला लावू नका. गुडघा बदललेल्यांना शल्यविशारदाला विचारल्याशिवाय मांडी घालायचा आग्रह नको. "मी ऐंशीव्या वर्षी शीर्षासन करतो" असं सांगणारे शिक्षक सगळ्यात आधी टाळा.

गुरुवारच्या तासाला काय घ्यायचं. इथे केंद्राचा फायदा रुपयांत मोजता येतो. नोव्हेंबरच्या आधी हयातीच्या दाखल्याचं सत्र ठेवा. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ते आधारवरून काढायला दोन शिकलेली नातवंडं बसवा. एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत आणि ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट, हे माहीत असूनही ओळखपत्र सोबत नसल्यानं पुरे पैसे भरणारे पुष्कळ. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि त्याची नोंदणी सक्तीची नाही, एवढं कळलं तरी कित्येकांची झोप परत येते. घरात छळ किंवा उपेक्षा होत असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. हा आकडा भिंतीवर लावा, सगळ्यांसमोर चर्चेला घेऊ नका.

फसवणुकीचा विषय दर महिन्याला एकदा. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, व्हिडिओ कॉलवरून उठू नका" असा फोन आला तर ठेवून द्यायचा. डिजिटल अटक नावाचा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. हे नुसतं सांगून होत नाही. एकानं पोलीस व्हायचं, दुसऱ्यानं फोन घ्यायचा, असं नाटुकलं करून घ्या.

सावध: केंद्र सुरू झाल्याचं कळताच चुंबकी गाद्या, कानाची यंत्रं, फिक्सपेक्षा जास्त व्याज आणि "मोफत तपासणी" घेऊन माणसं येतील. चहा-नाश्त्याचा खर्चही उचलतील. नियम एकच ठेवा, हॉलमध्ये विक्री नाही आणि सभासदांची नाव-नंबरांची यादी कुणालाही नाही. ती ग्रुपवरही टाकू नका.

## टप्पा ६: नव्या माणसाचे पहिले चार दिवस

यादीतली खूण केलेली नावं आपणहून येत नाहीत. प्रत्येकामागे एक सोबती नेमा. त्यानं पहिले चार दिवस घरी जाऊन घेऊन यायचं, शेजारी बसायचं, परत सोडायचं. "या हं कधीतरी" हे निमंत्रण होत नाही.

पुरुषांचं ठरलेलं वाक्य असतं: "मला कुठं म्हाताऱ्यांत बसवता?" त्यावर वयावरून वाद घालू नका. "अण्णा, बसायला नकोच. आमचं पावती पुस्तक आणि शिल्लक जुळत नाहीये, तुम्ही कोषागारात होता, जरा बघाल का?" असं म्हटलं की अण्णा चष्मा शोधू लागतात. काम खरं असावं. खोटं काम त्यांना पहिल्याच दिवशी कळतं.

नवऱ्यामागे एकट्या राहिलेल्या एक आजी अशाच सोबतीनं आलेल्या मी पाहिल्या. दाराशेजारची खुर्ची, मांडीवर घट्ट धरलेली पिशवी, विचारलं तेवढंच उत्तर. बुधवार होता. सोबतीणबाईंनी न बोलता कापसाची पुडी आणि दुधाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. पाच मिनिटांनी आजी शेजारणीच्या वाती बघून म्हणाल्या, "अगं, पीळ कमी पडतोय, तेलात सुटेल ती." पिशवी खुर्चीखाली गेली होती. अनोळखी घोळक्यात हाताला काम असलं की तोंडाला शब्द सुचतात, म्हणून नव्या माणसाचा पहिला दिवस शक्यतो हातकामाचा ठेवा.

पहिल्या दिवशी माइक देऊन ओळख करून द्यायला लावू नका. "मुलं काय करतात, कुठे असतात?" हाही प्रश्न नको. ज्याची मुलं विचारत नाहीत किंवा जे मूल गमावून बसलेत, त्यांना तो जिव्हारी लागतो. पाऊण तासात परत सोडा. पूर्ण दोन तास बसवलं की दमून दुसऱ्या दिवशी नको म्हणतात.

विसरभोळेपणा वाढलेल्यांना घरच्या माणसाबरोबर येऊ द्या. "मी कोण, ओळखलंत का?" अशी परीक्षा घेऊ नका, आपलं नाव आपणच सांगा. त्यांना एकट्यानं बाहेर सोडणार नाही, पण त्यांची शुश्रूषाही केंद्र करू शकत नाही, हे घरच्यांना लेखी द्या.

## टप्पा ७: तब्येतीची नोंद आणि आणीबाणी

प्रत्येकाचं एक कार्ड हवं: घरच्या दोघांचे फोन, आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, नेहमीचं रुग्णालय. डबा कुलपात, किल्ली त्या दिवशीच्या दोन जबाबदारांकडे. दर सहा महिन्यांनी कार्ड ताजं करा.

भिंतीवर हॉलचा पूर्ण पत्ता खुणेसह मोठ्या अक्षरांत लिहा. १०८ ला फोन करणाऱ्याला घाबरून आपल्याच गल्लीचं नाव आठवत नाही.

- पडल्यास: धावत जाऊन उचलू नका. शुद्धीवर आहे का बघा, डोकं, मान, खुबा दुखतोय का विचारा. खुब्यात कळ किंवा पाय वळलेला दिसला तर तिथेच ठेवा, रुग्णवाहिका बोलवा.
- मधुमेही घामाघूम, थरथर, गोंधळलेला: शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका.
- तोंड वाकडं, एक हात उचलेना, बोबडी (पक्षाघाताची चिन्हं): सुरू झालेली वेळ लिहून ठेवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. "जरा पडून बघू या" यात ते तास जातात.
- छातीत दाब, घाम, श्वास लागणं: चालवू नका, बसवा, १०८.

रक्तदाब मोजायचा तर चहाच्या आधी, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसल्यावर, पाय जमिनीवर ठेवून. जिना चढून आल्याआल्या घेतलेला आकडा वहीत लिहू नका. आणि वहीतला आकडा बघून शेजाऱ्याच्या सल्ल्यानं कुणी गोळी बदलायची नाही.

## टप्पा ८: हजेरी आणि कारभार

हजेरीपट रोज हवा, आणि तो कोण नाही हे बघण्यासाठी वाचायचा. सलग तीन दिवस गैरहजर, तर फोन. आठवडा झाला, तर दोघांनी घरी जायचं. आजारपणात भेटायला गेलेलं केंद्र माणूस सोडत नाही. फोनचं काम चालताना त्रास असलेल्या पण बोलक्या सभासदाला द्या.

कामं वाटा: हजेरी, चहा, वाढदिवस, चपलांचा रॅक, रोपांना पाणी. महिन्याला बदला. सगळं एकट्या सचिवांनी केलं तर केंद्र नीटनेटकं दिसतं आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं की बंद पडतं.

पदाधिकाऱ्यांना दोन मुदतींची मर्यादा घटनेतच घाला. अध्यक्ष किंवा सचिव, दोघांपैकी एक पद बाईकडे. निवडणुकीच्या काळात कोणत्याच पक्षाचा फलक हॉलमध्ये नको. देणगीतल्या खुर्चीच्या पाठीवर आमदारांचं नाव असायला हरकत नाही, पण त्यांचं भाषण शुक्रवारच्या अर्ध्या तासातच.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी हजेरीपट घेऊन बसा आणि चार गोष्टी मोजा. रोज सरासरी किती येतात? त्यांत बायका किती? खूण केलेल्या नावांपैकी किती टिकले? कोणत्या वाराला हजेरी निम्म्यावर येते? पडलेला वार सुधारायचा प्रयत्न एकदा करा, दुसऱ्या महिन्यातही पडला तर तो कार्यक्रम बिनदिक्कत काढून टाका, मग तो अध्यक्षांच्या आवडीचा का असेना. खूण केलेल्यांपैकी निम्मे गळाले असतील तर नवा कार्यक्रम शोधू नका, टप्पा ६ कुठे चुकला ते बघा. बायका कमी असतील तर आधी वेळ तपासा, मग बाथरूम. आणि रोजची हजेरी पन्नासच्या वर जाऊ लागली तर मोठा हॉल शोधायच्या ऐवजी दोन गल्ल्या पलीकडे दुसरं केंद्र काढा. तिथल्या लोकांना हा रस्ता ओलांडावा लागतो म्हणूनच ते अजून आलेले नसतात.